उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर डब्ल्यूटीआयवर वारंवार ट्रिप होतो: सेटिंग वाढवण्याआधी काय तपासावे

फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाचा हंगाम भरात असतो. प्रीकूलिंगचे कॉम्प्रेसर थांबत नाहीत आणि नेमका तेव्हाच दुपारचा पारा चढू लागतो. पिंपळगाव, दिंडोरी, निफाड पट्ट्यातल्या कोल्ड स्टोरेजमध्ये तेव्हापासून, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत एप्रिल-मेमध्ये, एकच तक्रार येते. ११ केव्ही / ४३३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर संध्याकाळी पाच-सहाला वाइंडिंग टेंपरेचर इंडिकेटरवर (डब्ल्यूटीआय, वाइंडिंगचे तापमान दाखवणारा डायल) ट्रिप होतो. पॅनेलवर लोड ऐंशी-नव्वद टक्केच दिसतो. अर्ध्या तासाने चार्ज केला की चालतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे मार्शलिंग बॉक्स (डायल आणि कंट्रोलच्या तारांची पेटी) उघडून ट्रिपचा काटा दहा अंशांनी पुढे सरकवणे. ट्रिपिंग थांबते, पण डायल जास्त दाखवत होता की वाइंडिंग खरेच तापत होते, हे कळायचा मार्गही त्याबरोबर बंद होतो. उलट प्रकार जास्त घातक असतो. डायल कमी दाखवतो, ट्रिप कधीच येत नाही आणि वाइंडिंगवरचा इन्सुलेशनचा कागद करपत जातो. दोन्हींचे निदान एकाच पद्धतीने होते.

खालची सगळी आकडेमोड ६३० केव्हीए, ओएनएएन (ऑइल आणि हवा आपोआप फिरून थंड होणारा), तांब्याच्या वाइंडिंगच्या ट्रान्सफॉर्मरसाठी आहे. नेमप्लेटवर हवेच्या वरची तापमानवाढ ऑइल ५०, वाइंडिंग ५५ अंश धरली आहे. तुमच्या प्लेटवर आकडे वेगळे असतील तर तेच घ्या. नव्या डिस्ट्रिब्यूशन ट्रान्सफॉर्मरवर ते बरेचदा कमी असतात. एलटीचा, म्हणजे ४३३ व्होल्टच्या बाजूचा, पूर्ण लोड करंट ८४० अँपिअर येतो. नाशिकची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर, म्हणजे १००० मीटरच्या आत, त्यामुळे उंचीपोटी क्षमता कमी धरायची गरज नाही.

पुन्हा चार्ज करण्याआधी

फ्लॅग कोणता पडला ते आधी पाहा. बुखोल्झ (आतल्या गॅसवर चालणारा रिले) किंवा पीआरव्ही (दाब सोडणारा व्हॉल्व्ह) असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि ट्रान्सफॉर्मर चार्ज करू नका. तो आतल्या फॉल्टचा विषय आहे. डब्ल्यूटीआय किंवा ओटीआयचा (ऑइल टेंपरेचर इंडिकेटर) फ्लॅग असेल तर दोन्ही डायलवरचा लाल काटा कुठे अडकला आहे ते लिहून घ्या. तो शेवटच्या रिसेटनंतरचे कमाल तापमान धरून ठेवतो. बहुतेक ठिकाणी हा काटा वर्षानुवर्षे रिसेट झालेला नसतो, मग तो कोणत्या उन्हाळ्याचा आहे हे सांगता येत नाही. नोंद झाली की रिसेट करा आणि रोज सकाळी हेच करा.

लाल काटा ट्रिपच्या सेटिंगपर्यंत पोहोचलाच नसेल तर तापमानाने ट्रिप झालेलाच नाही. जुन्या डायलमध्ये पाऱ्याचे स्विच असतात, ते कंपनाने मिटू शकतात. मार्शलिंग बॉक्सचे गॅस्केट गेले असेल तर पहिल्या पावसात टर्मिनलवर ओल येऊन खोटी ट्रिप येते. कंट्रोल केबलच्या दोन्ही टोकांच्या तारा सोडून मेगर करा, म्हणजे इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजा; हा भाग तासाभरात निकाली निघतो.

दुसरे म्हणजे वेळ. ऑइलचा टाइम कॉन्स्टंट (बदलाचा साधारण ६३ टक्के हिस्सा पूर्ण व्हायला लागणारा वेळ) साधारण तीन तासांचा आणि वाइंडिंगचा जेमतेम चार मिनिटांचा. सहाला ट्रिप झाला म्हणून सहाचा लोड पाहण्यात अर्थ नाही. दुपारी दोनपासूनचा लोड आणि हवेचे तापमान काढा.

हातात असलेले आकडे आणि त्यांची चूक कोणत्या बाजूला असते

चूक किती आहे यापेक्षा ती कोणत्या बाजूला आहे हे आधी ठरवा.

करंट. पॅनेल मीटर ठीक असतो, पण त्याची सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) एलटी इनकमरवर आहे की पुढच्या फिडरवर ते सिंगल लाइन डायग्रॅमवर पाहा. व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) चालणारे कॉम्प्रेसर असतील तर साधा, सरासरी मोजणारा टाँग टेस्टर (क्लॅम्प मीटर) करंट कमी दाखवतो. ट्रू आरएमएसचाच हवा. डिमांडचा आकडा तर आणखी फसवा. तो पंधरा किंवा तीस मिनिटांची सरासरी देतो, पण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. अर्धा वेळ १.२ पट आणि अर्धा वेळ ०.४ पट लोड असेल तर सरासरी ०.८ येते, उष्णतेच्या हिशोबाने तो लोड ०.८९ असतो. म्हणजे पूर्ण लोडच्या नऊ टक्क्यांची चूक, आणि ती कायम कमी दाखवण्याच्या बाजूला.

छतावर सोलर असेल तर आणखी एक गुंता. सोलर एलटी बसवर जोडलेले असते, त्यामुळे दुपारी ट्रान्सफॉर्मरमधून जाणारे किलोवॅट कमी होतात. रिअॅक्टिव्ह (मोटरच्या चुंबकत्वासाठी लागणारा) करंट मात्र पूर्ण ट्रान्सफॉर्मरमधूनच येतो. बिलावरच्या युनिटवरून लोड काढला तर तो फारच कमी भरतो. इथे ट्रान्सफॉर्मरच्या एलटी टर्मिनलवर मोजलेले अँपिअरच ग्राह्य धरा, आणि तेही तिन्ही फेजचे.

हवेचे तापमान. मोबाइलवर दिसणारे शहराचे तापमान इथे चालत नाही. बंद ट्रान्सफॉर्मर रूममध्ये हवा बाहेरपेक्षा पाच-आठ अंश जास्त असणे अगदी नेहमीचे आहे. रेडिएटरपासून मीटरभर अंतरावर, मध्य उंचीला, थेट ऊन किंवा गरम हवेचा झोत लागणार नाही अशा जागी थर्मामीटर टांगा. इथली चूकही नेहमी एकाच बाजूची, कमी धरण्याची.

पीटी-१०० (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर). ०.३८५ ओहमला एक अंश, हा आकडा पाठ असू द्या. दोन तारांनी जोडलेला सेन्सर २० मीटर लांब असेल आणि तार १.५ चौ.मिमी असेल तर जाऊन-येऊन अर्धा ओहम, म्हणजे सव्वा अंश जास्त. तीच तार ०.५ चौ.मिमीची असेल तर चार अंशांच्या आसपास. टर्मिनलवर गंज चढून दोन ओहम वाढले तर पाच अंश. तीन तारांची जोडणी केली की तारांची चूक जाते, सैल लगची जात नाही. तार तुटली तर रीडिंग वर पळते आणि ट्रिप येते. शॉर्ट झाली तर खाली पळते आणि कुणाला कळतही नाही. म्हणून सेन्सर वाचणाऱ्या स्कॅनरमध्ये ‘हवेपेक्षा कमी’ अशा रीडिंगवरही अलार्म ठेवा.

डब्ल्यूटीआय नक्की काय मोजतो

डब्ल्यूटीआय वाइंडिंगला हात लावत नाही. त्याचा बल्ब ऑइलच्या पॉकेटमध्येच असतो. एका फेजच्या सीटीमधून येणारा करंट छोट्या हीटरला दिला जातो आणि ती उष्णता ऑइलच्या तापमानात मिसळून ‘वाइंडिंग’चा आकडा तयार होतो. म्हणजे डायलवर दिसते ते वाइंडिंगचे अनुमान. चुका बहुतेक इथेच सापडतात.

डब्ल्यूटीआय आणि ओटीआय यांतला फरक लोडप्रमाणे किती हवा ते काढता येते. वाइंडिंगची सरासरी वाढ ५५. ऑइलची सरासरी वाढ वरच्या ऑइलच्या साधारण ०.८ पट, म्हणजे ४०. फरक १५. हॉट-स्पॉटचा (वाइंडिंगमधला सर्वात तापलेला भाग) गुणक १.१ धरला की पूर्ण लोडला १६.५ अंश. इतर लोडला हा आकडा लोडच्या १.६ घाताने बदलतो: ५० टक्क्यांना ५.४, ७० टक्क्यांना ९.३, ९० टक्क्यांना १३.९.

आता प्रत्यक्ष पाहा. लोड अर्धा तास स्थिर असताना दोन्ही डायल वाचा. लोड ९० टक्के असून दोन्ही काटे जवळपास सारखेच असतील तर हीटरला करंट पोहोचतच नाही: सीटीची तार सुटली आहे, हीटर जळाला आहे किंवा तपासणीनंतर टर्मिनलवरची शॉर्टिंग लिंक तशीच राहिली आहे. असा ट्रान्सफॉर्मर ओव्हरलोडपासून असंरक्षित आहे, तो ट्रिप होत नाही म्हणून खूश होऊ नका. फरक पंचवीस-तीस अंश दिसत असेल तर हीटरच्या मॅचिंग रेझिस्टन्सची सेटिंग चुकली आहे किंवा डायल बदलताना दुसऱ्या रेशोचा लावला आहे. रोजच्या खोट्या ट्रिपमागे हे कारण बऱ्याचदा निघते.

एक इशारा: ट्रान्सफॉर्मर चालू असताना डब्ल्यूटीआय सीटीची तार सोडू नका. सेकंडरी उघडी पडली तर टोकांवर धोकादायक व्होल्टेज येते. पॉकेटमधला बल्बही शटडाऊन घेऊन, एचटी (११ केव्ही) आणि एलटी दोन्ही बाजूंनी आयसोलेट करून आणि अर्थ लावूनच काढायचा. पॉकेट बुशिंगच्या शेजारीच असते. हे काम परवानाधारक सुपरवायझरच्या हाताखाली होऊ द्या.

शटडाऊनमध्ये दोन चाचण्या करा. पहिली, पॉकेटमध्ये ऑइल आहे का ते पाहा. कोरडे पॉकेट असेल तर बल्बभोवती हवा राहते, रीडिंग कमी आणि उशिरा येते. ट्रान्सफॉर्मर ऑइल भरा, बल्ब पूर्ण बुडला पाहिजे. मग बल्ब गरम ऑइलच्या भांड्यात ठेवून ६०, ८० आणि १०० अंशांना प्रमाणित थर्मामीटरशी ताडा. दोन-तीन अंशांचा फरक चालतो; पाचच्या वर गेला किंवा काटा अडखळत चढत असेल तर डायल बदला. कॅपिलरी चेपली असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

दुसरी, हीटरची. समजा सीटी ८५०/२ आहे. ८४० अँपिअरला सेकंडरीत १.९८ अँपिअर येतील. तेवढा करंट बाहेरून हीटरला द्या आणि काटा स्थिर होईपर्यंत, साधारण अर्धा-पाऊण तास, थांबा. वाढ १६-१७ अंश आली पाहिजे. घाई करून दहा मिनिटांत आकडा लिहिला तर सेटिंग चुकणारच.

दोन मर्यादा मात्र चाचणीने जात नाहीत. सीटी एकाच फेजवर असते. दुसऱ्या फेजवर सिंगल फेज लोड जास्त असेल तर डब्ल्यूटीआयला त्याची खबर नसते. आणि हीटर फक्त आरएमएस करंटला तापतो. हार्मोनिकमुळे (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले करंट) वाइंडिंगमध्ये होणारा एडी लॉस हार्मोनिकच्या क्रमांकाच्या वर्गाने वाढतो, पाचव्यासाठी २५ पट. तो डायलवर दिसत नाही. व्हीएफडीचा वाटा मोठा असेल तर डब्ल्यूटीआय कमी दाखवतो असेच धरा.

दुसरा साक्षीदार: लोडवरून हिशोब

एकाच डायलवर विसंबण्यापेक्षा स्वतंत्र हिशोब शेजारी ठेवावा. आयएस २०२६ च्या भाग ७ मध्ये, म्हणजेच आयईसी ६००७६-७ मध्ये, दिलेली पद्धत कागदावर करता येते.

ऑइलची वाढ = प्लेटवरची वाढ × [(१ + र × ल²) ÷ (१ + र)] चा ०.८ घात

इथे ‘ल’ म्हणजे लोड, पूर्ण लोडच्या पटीत. ‘र’ म्हणजे लोड लॉस भागिले नो-लोड लॉस. तो टेस्ट सर्टिफिकेटवरून घ्या, इथे ५ धरला आहे. लोड ०.९ असेल तर ऑइलची वाढ ४३.६, त्यावर वाइंडिंगचे १३.९. रूमची हवा ४२ अंश. बेरीज ९९.५ अंश. लोड १.१ केला तर हाच आकडा ११८ वर जातो. ही स्थिर स्थितीची उत्तरे आहेत; तीन तासांत ऑइलच्या बदलाचा साधारण ६३ टक्के हिस्सा पूर्ण होतो.

आता या ९९.५ मध्ये खोट किती? करंटमध्ये ३ टक्के चूक म्हणजे २.३ अंश. हवेचे ४. प्लेटवरची वाढ आणि या ट्रान्सफॉर्मरची खरी वाढ यांत ३ धरा. हॉट-स्पॉटचा गुणक १.१ ऐवजी १.३ असू शकतो, त्याचे २.५. चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या असतील तर वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचे: ६ अंश. पण ज्या चुका नेहमी एकाच बाजूला पडतात, जसे शहराचे तापमान वापरणे किंवा डिमांडची सरासरी घेणे, त्या वर्गमुळात टाकू नका. त्या आधी मोजून दुरुस्त करा, जमले नाही तर सरळ बेरीज करा.

हिशोब आणि डायल सहा-आठ अंशांच्या आत जुळले तर दोघांवर विश्वास ठेवा. ट्रान्सफॉर्मर खरोखर तापतो आहे आणि ट्रिप बरोबर होती. डायल पंधरा अंशांनी वर असेल तर आधी ओटीआय आणि हिशोबातले ऑइल ताडा. ऑइलच जास्त निघाले तर डायलचा दोष नाही, कूलिंगचा आहे. ऑइल जुळते आणि फक्त त्यावरचा वाइंडिंगचा फरक चुकतो, तर हीटर-सीटीकडे जा. डायल हिशोबापेक्षा बराच खाली असेल तर तो दुरुस्त होईपर्यंत हिशोबालाच खरे धरा आणि लोड त्याप्रमाणे ठेवा.

ऑइल तापण्याची कारणे साधी असतात. देखभालीनंतर रेडिएटरचा एखादा व्हॉल्व्ह बंदच राहिलेला. ऑइलची पातळी रेडिएटरच्या वरच्या हेडरखाली गेलेली, त्यामुळे फिरणे थांबलेले. हाताचा अंदाज नको, थर्मल कॅमेऱ्याने रेडिएटर वरून खाली पाहा. थंड राहिलेला विंग लगेच वेगळा दिसतो. रंगवलेल्या टाकीवर कॅमेऱ्याची एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचा आकडा) ०.९ ते ०.९५ ठेवा. उघड्या अॅल्युमिनियम किंवा तांब्याच्या बसबारवर तेच सेटिंग फार कमी तापमान दाखवते. शटडाऊनमध्ये तिथे काळी टेप लावून ठेवा आणि टेपवर मोजा.

रूमची हवा. पूर्ण लोडला एकूण लॉस समजा ६.५ किलोवॅट. हवा दहा अंशांपेक्षा जास्त तापू नये असे वाटत असेल तर सेकंदाला ०.६ घनमीटर हवा हवी, तासाला सुमारे २१०० घनमीटर. लूव्हरमधून नैसर्गिक वेग ०.५ मीटर प्रति सेकंद धरला तर खाली आणि वर प्रत्येकी १.२ चौ.मी. मोकळी जागा लागते. पक्षी येऊ नयेत म्हणून लावलेली बारीक जाळी धूळ आणि कोळिष्टकांनी भरली की त्यातली निम्मी जागा गेली असे समजा.

शंका उरलीच तर वाइंडिंगचा रेझिस्टन्स हा शेवटचा निवाडा. थंड असताना ३० अंशांना मोजा आणि भरलोडवरून बंद केल्याबरोबर त्याच टॅपवर पुन्हा मोजा. तांब्यासाठी गुणोत्तर १.२ आले तर १.२ × (२३५ + ३०) − २३५ = ८३ अंश, हे सरासरी तापमान. अॅल्युमिनियमला २३५ च्या जागी २२५. मीटरमध्ये एक टक्का चूक असेल तर तीन अंश हलतात, म्हणून मायक्रो-ओहम मीटर चांगला हवा आणि बंद केल्यापासूनच्या चार-पाच वेळा नोंदवून आलेख मागे शून्य मिनिटापर्यंत ओढावा.

मग सेटिंग किती ठेवायचे

डिस्ट्रिब्यूशन ट्रान्सफॉर्मरच्या रोजच्या चढउताराच्या लोडसाठी हॉट-स्पॉटची मर्यादा १२० आणि वरच्या ऑइलची १०५ अंश आहे. ट्रिप या मर्यादेतून चूक वजा करून ठेवायची. डायल आठ अंशांपर्यंत कमी दाखवू शकतो असे निघाले, तर ट्रिप ११२ च्या वर नको, ११० ठेवा. दुसऱ्या बाजूने, सर्वात उष्ण दिवशीचा नेहमीचा हिशोब ९९.५ अधिक ६, म्हणजे १०५.५. अलार्म १०५ ठेवला तर तो वर्षातून क्वचित वाजेल आणि ट्रिपपर्यंत पाच अंशांची मोकळीक राहील. उत्पादकाने यापेक्षा कमी आकडे दिले असतील तर तेच पाळा, विशेषतः वॉरंटीत.

लोड पूर्ण असेल तर मात्र गणित बदलते: १०८.५ अधिक ६, म्हणजे ११४.५. नेहमीचा कमाल आकडा ट्रिपच्या वर गेला. आता कोणतेही सेटिंग बरोबर नाही. ११० ठेवले तर चांगला चालणारा ट्रान्सफॉर्मर बंद पडेल, ११८ ठेवले तर खराखुरा ओव्हरलोड निसटेल. अशा वेळी दोनच गोष्टी हाताशी असतात. मोजमाप सुधारून सहाचे तीन करा, किंवा दुपारी दोन ते सात या वेळेत एक कॉम्प्रेसर कमी चालवून रात्री चेंबरचे तापमान खाली ओढा.

साध्या क्राफ्ट पेपरचे आयुष्य ९८ अंशांच्या पुढे दर सहा अंशांना निम्मे होते. ११० अंशांवरचा एक तास ९८ वरच्या चार तासांएवढा कागद खातो. निफाडचा पारा जानेवारीत एक आकडी उतरतो तेव्हा तोच ट्रान्सफॉर्मर फार कमी झिजतो, त्यामुळे चार-दोन उष्ण दुपारींनी घाबरून जायचे कारण नाही. जुना, ओल धरलेला कागद असेल तर ही सवलत घेऊ नका. आधी ऑइलमधला ओलावा तपासा.

कॉम्प्रेसर मोटरचा रिले: वीज गेल्यावर विसरणारा

अनुमानालाच खरे तापमान धरण्याची हीच गफलत मोटरच्या इलेक्ट्रॉनिक थर्मल रिलेत वेगळ्या रूपात येते. फिडर ट्रिप झाला, कंट्रोल सप्लाय गेली, आणि थर्मल मेमरी (मोटर किती तापली होती याची नोंद) नसलेला रिले परत आल्यावर मोटर थंड आहे असे मानतो. टाइम कॉन्स्टंट ३० मिनिटे, गुणक १.०५ (पूर्ण करंटच्या इतक्या पटीपर्यंत रिले ट्रिप देत नाही), मोटर आधी ९० टक्क्यांवर चाललेली आणि आता लोड १.३ पट. मेमरी शाबूत असेल तर रिले १२ मिनिटांत ट्रिप देतो, पुसली गेली असेल तर ३२ मिनिटांनी. तासाभरात दोनदा वीज गेली तर मोटर जळायला एवढे पुरते. रिलेच्या मेनूमध्ये मेमरी टिकवण्याचा पर्याय असतो, बरेचदा तो बंदच असतो. चालू करा किंवा कंट्रोल सप्लाय यूपीएसवर घ्या. ते जमत नसेल तर वीज आल्यावर कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी टाइमरने थांबवा. किती, ते मोटरच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये तासाला किती स्टार्ट दिले आहेत त्यावरून ठरवा.

स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले डेल्टाच्या आत असेल तर सेटिंग लाइन करंटच्या ०.५८ पट हवे. ६६ अँपिअरच्या मोटरला ३८. तिथे ६६ लावलेले असेल तर तो रिले ओव्हरलोडला जागा होणारच नाही.